नाळ उजवीकडे

गाडीच्या पोटाखालून वारा कसा जातो, हा प्रश्न मला अठ्ठावन्न वर्षांत एकदाही पडला नव्हता. शिरत असेल एका बाजूने, निघत असेल दुसऱ्या बाजूने, आपल्याला काय करायचंय, अशी माझी एकंदर भूमिका. बहुतेक सज्जन माणसांची हीच असते. पण २००५ सालच्या जानेवारीत आमची नीरजा जेवता जेवता म्हणाली, "बाबा, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी आपली गाडी घेणार आहे." मी घाईघाईने म्हणालो, "घे की, पण संध्याकाळपर्यंत परत आण." तर तिला गाडी चालवायला नको होती. तिला गाडीचं पोट हवं होतं.

नीरजा इथेच रत्नागिरीत मेकॅनिकल इंजिनियरिंग शिकत होती. "गाडी वरून गुळगुळीत असते, पण खालून कधी बघितलीयेत?" तिने विचारलं. मी बघितली नव्हती. आमची गाडी तिसऱ्या मालकाकडून माझ्याकडे आलेली, आणि अशा गाडीच्या खाली डोकावू नये एवढी समज मला आहे. (गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काडीचाही दोष नव्हता.)

तिने मग मला नीट समजावून सांगितलं. वरून गाडी म्हणजे पाहुण्यांसाठी आवरलेली बाहेरची खोली, आणि खालून म्हणजे आमचा माळा. सायलेन्सर, नळ्या, टाकी, खाचा, सगळं लोंबतंय. वारा तिथे शिरला की अडखळतो, घुटमळतो आणि गाडीला मागे ओढतो. त्याऐवजी खालून एक गुळगुळीत तळ बसवला आणि तो योग्य जागी बेताने वर उचलला, तर वारा न कुरकुरता निघून जातो. कुठे उचलायचा आणि किती, हे काम्प्युटर सांगणार. खरा वारा लागत नाही. काम्प्युटरमध्ये खोटी गाडी, खोटा वारा, आणि उत्तर मात्र खरं.

"पण आधी पोटाची बिनचूक मापं हवीत," नीरजा म्हणाली, "आणि एक ड्रॉइंग. ते तुम्ही करून द्याल का?"

इथे मला दोन वाक्यं स्वतःबद्दल सांगणं भाग आहे. मी तीस वर्षं बंदराच्या एका सरकारी कचेरीत आरेखक होतो. मचवे, लाँची, ट्रॉलर यांचे नकाशे पेन्सिलीने काढायचे, हे माझं काम. शेवटची दोन वर्षं कचेरीत काम्प्युटर आला, आणि माझा ड्रॉइंग बोर्ड आडवा टाकून त्यावर चहाचे कप ठेवायला लागले. मी कुणाला काही बोललो नाही, पण त्या बोर्डावरचे ते गोल डाग मला फार लागले. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते आणि आठ महिन्यांत कुणी मला सरळ रेघसुद्धा मागितली नव्हती. त्यामुळे लेकीने ड्रॉइंग मागितल्यावर मी "बघू, वेळ झाला तर" असं म्हणालो खरा, पण हात धुवायच्या आधी पेन्सिलींना टोकं करून झाली होती.

"पहिल्या पानावर तुमचं नाव घालीन," नीरजा म्हणाली. "मोजमापे व आरेखन, श्री. भास्कर मुळ्ये."

"त्याची काही गरज नाही," मी म्हणालो. गरज होती. फार होती.

दुसऱ्या दिवसापासून मी अंगणात गाडीखाली गोणपाट अंथरून आडवा झालो. चार जांभ्या दगडांवर चाकं चढवली होती. हातात ओळंबा, पोलादी टेप आणि वही. तीन दिवस आमच्या आळीला माझं फक्त पावलांपर्यंतचं दर्शन होत होतं. मला आळीचं दर्शनही तेवढंच. माणसाला पायांवरून ओळखायची कला मी त्या तीन दिवसांत शिकलो. चांदीची जोडवी आणि भेगाळलेल्या टाचा म्हणजे शेजारच्या यमुनाबाई. त्या माझ्या पायांशी कोकम सरबताचा पेला ठेवून जात, आणि जाताना माझ्या बायकोला, हेमाला, मोठ्याने विचारत, "काय गो, भास्कर रुसलाय की काय?" चामड्याच्या काळ्या वहाणा म्हणजे भिकाजीराव. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. या माणसाने बत्तीस वर्षं घाटात एसटी चालवली आणि आता उरलेली सगळी वर्षं सल्ल्यांना वाहिलेली आहेत.

"मुळ्ये, हवा बघायची तर चाकातली बघा," वहाणा म्हणाल्या.

"ही वेगळी हवा, भिकाजीराव."

"हवा ती हवाच. एसटीच्या पोटाला कुणी तळ लावला होता? पळत नव्हती काय? आणि तळ लावलात तर ग्रीस कुठून भरणार? उंदीर शिरला तर? आमच्या देवरुख डेपोला एकदा..."

भिकाजीरावांनी त्या प्रकरणात एकूण एकेचाळीस सल्ले दिले. हेमाने मोजले.

मापं निघाली. मग मी चहाचे डाग खरवडून बोर्ड उभा केला (निरोप समारंभाच्या दिवशी मी शालीऐवजी बोर्ड मागून आणला होता) आणि गाडीच्या पोटाची आडवी रेघ काढली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दर पाच सेंटीमीटरला एक आकडा. टप नाही, खिडक्या नाहीत, चाकं नाहीत, नुसतं पोट. काम्प्युटरला तेवढंच हवं होतं. नीरजाने कागद बघितला आणि म्हणाली, "किती सुंदर आलंय हो बाबा." त्या दिवशी मी दोनदा जेवलो.

तिने आकडे काम्प्युटरला भरवले. आता वारा सोडायचा. एक वारा वाहून व्हायला आमच्या काम्प्युटरला सात तास लागत. आणि तेव्हा रत्नागिरीत वीज सकाळी तीन तास जायची, दुपारी तीन तास जायची, आणि रात्री असायची ती एवढी अशक्त की दिव्याला दिवा लावून बघावा लागे. म्हणजे खोटा वारा निम्म्या गाडीपर्यंत पोचला की गप्प. पुन्हा पहिल्यापासून. असे आठ दिवस गेले. वारा काही सायलेन्सरच्या पुढे सरकेना.

"विजेच्या ऑफिसात अर्ज द्या," भिकाजीराव म्हणाले. हा सल्ला क्रमांक सतरा.

मी अर्ज घेऊन गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला. "गाडीखालच्या हवेच्या अभ्यासाकरिता एक दिवस अखंड वीज मिळणेबाबत," त्यांनी मोठ्याने वाचून शेजारच्या टेबलाला ऐकवलं. मग चष्मा काढून म्हणाले, "हवा आमच्याकडं नाय येत. हवा हवामानवाल्यांकडं."

"हवा नको, वीज हवी."

"मग असं लिवा की. पण आमच्याकडं सूट दोनच प्रकारात. हॉस्पिटल आणि पाणीपुरवठा. तुमचं ह्यात कशात बसतंय?"

मी म्हणालो, कशातच नाही. ते म्हणाले, कशातच नाही असा रकाना नाही. माणूस मनाने चांगला होता. त्याने स्वतः विचार करून मला हॉस्पिटलचा फॉर्म दिला आणि म्हणाला, "वर जाऊ दे, वरचे बघतील." रुग्णाचे नाव या रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना. खोटं तर लिहायचं नव्हतं. मी गाडीचा नंबर लिहिला.

चौथ्या दिवशी एक वायरमन दारात उभा. "मशीनवर पेशंट हा म्हणतत तो खय ठेवल्यात?" म्हणून त्याने चपला बाहेर काढल्या आणि आवाज खाली आणला. हा गडी मूळचा कुडाळकडचा. हेमाने त्याला काही न बोलता काम्प्युटरसमोर बसवून चहा दिला. पडद्यावर गणिताची रेघ वरखाली होत हळूहळू खाली उतरत होती. तो तिच्याकडे बराच वेळ गंभीरपणे बघत राहिला. "रेघ खाली येता," तो म्हणाला, "बरा हा की जाता?" नीरजा म्हणाली, "खाली आली की बरं." त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि चहा संपवला. अर्जाचं पुढे काही झालं नाही, पण त्यानंतर तो वायरमन आळीत आला की दारावरून जाताना न चुकता विचारी, "आता कसा हा?"

अखेर वारा सायलेन्सरच्या पलीकडे गेला तो विजेमुळे नव्हे. चालू गणित मधेच राखून ठेवायचं एक बटण त्या प्रोग्रॅममध्ये पहिल्यापासून होतं. ते नीरजाला बाराव्या दिवशी सापडलं. हे आम्ही भिकाजीरावांना सांगितलेलं नाही.

महिनाभर असा राखून राखून वारा वाहवला. तळ इथे उचल, तिथे उचल, जरा कमी, जरा जास्त. मार्चच्या सुरुवातीला नीरजा ओरडतच बाहेर आली. "बाबा, सापडलं! सगळा तळ सपाट ठेवायचा आणि उजवीकडचे शेवटचे साठ सेंटीमीटर हळूहळू वर उचलायचे. वारा कसा लोण्यासारखा निघतोय बघा." मी बघितलं. निळ्या रेघा डावीकडून येत होत्या आणि उजवीकडे वर निघून जात होत्या. मला त्यातलं कळलं काही नाही, पण उजवं टोक वर उचललेला तो आकार माझ्या ओळखीचा होता. हा आकार मी तीस वर्षं काढत आलो होतो.

नीरजा परीक्षेच्या अभ्यासाला लागली आणि तळ करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी माणूस माझ्या डोक्यात एकच होता. पूर्णगडचा आत्माराम. पूर्वी लाकडाच्या होड्या बांधायचा, आता फायबरच्या ओततो. माझ्या कितीतरी नकाशांना त्याच्या हाताने पाणी लागलेलं आहे. मी त्याच्या शाकारलेल्या मांडवात खाडीच्या काठाला बसून ड्रॉइंग उलगडलं. आत्मारामने हात पुसले, कागदाकडे नुसतं एकदा पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

"भाऊ, ही होडीच की ओ!"

"होय ना?" मी म्हणालो.

होडीच्या पुढच्या टोकाला आमच्याकडे नाळ म्हणतात. नाळ वर उचललेली असते, तशी नसेल तर होडी लाटेत नाक खुपसते. आणि कागदावर नाळ नेहमी उजवीकडे. आमच्या कचेरीत उजवीकडे, आत्मारामच्या मांडवात उजवीकडे. उजवीकडे नाळ नसलेला नकाशा आम्हा दोघांनी जन्मात पाहिलेला नव्हता.

"आमचा पणजोबा पण नाळ अशीच उचलायचा," आत्माराम म्हणाला. "त्याच्याकडं कुठला काम्प्युटर?"

मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. ज्या यंत्राने माझा बोर्ड आडवा केला, तेच यंत्र महिनाभर डोकं खाजवून शेवटी आमच्याच नाळेपाशी येऊन उभं राहिलं होतं. घरी येऊन मी हेमाला हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "अहो, कळलं. आता अंघोळ करा."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आत्माराम टेम्पोत तळ घालून आला. पांढरा शुभ्र, आरशासारखा, आठ बोल्टांचा. गाडी पुन्हा जांभ्या दगडांवर चढली. उचललेलं टोक पुढे करून त्याने तळ बसवला, हेमाकडून हळदकुंकू मागून घेतलं, आणि नव्या होडीच्या नाळेवर फोडतात तसा पुढच्या बंपरवर नारळ फोडला. सगळ्या आळीला खोबरं वाटलं. भिकाजीराव खोबरं चावत वाकून बघत म्हणाले, "मुळ्ये, पुढून असा आ वासलात तर हवा आत भरणार नाही काय?"

आत्माराम आणि मी एकमेकांकडे बघून हसलो. एकेचाळीस सल्ल्यांपैकी बरोबर होता तो हा एकच. सवयीने आम्ही तोही ऐकला नाही.

तोंडी परीक्षा मंगळवारी होती. प्रबंध बांधून आला होता, निळ्या कापडावर सोनेरी अक्षरं, आणि पहिल्या पानावर माझं नाव. परीक्षकांना दाखवायला गाडीची एक प्रत्यक्ष चाचणी तेवढी राहिली होती. ती रविवारी दुपारी करायची ठरली. मिरजोळ्याच्या पुढे सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, एक लांबलचक सरळ उतार आहे. काजूच्या झाडापाशी इंजिन बंद करून गाडी नुसती सोडायची, आणि ती आपणहून कुठवर जाते ते पावलांनी मोजायचं. तळ नसताना कुठवर जाते ते आम्ही फेब्रुवारीतच मोजून तिथे चुन्याची रेघ ओढून ठेवली होती. आता गाडी रेघेच्या पलीकडे जाणार. बघायला हेमा, यमुनाबाई, आत्माराम आणि पावलं मोजायला भिकाजीराव. हेमाने थालीपिठं करून घेतली होती.

मी ब्रेक सोडला. गाडी निघाली, वेग धरला, आणि खालून कुणीतरी शंख फुंकल्यासारखा आवाज यायला लागला. सड्यावरची सगळी लाल धूळ पुढून आत शिरत होती आणि माझ्या पायांशी येत होती. पुढची चाकं जरा हलकी झाल्यासारखी वाटली. चुन्याची रेघ समोर दिसत होती. ती समोरच राहिली. गाडी रेघेच्या अलीकडे चौदा पावलांवर थांबली.

"चौदा," भिकाजीरावांनी जाहीर केलं. "कमी."

नीरजा धावत आली, वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, वर उचललेलं टोक पुढे का आहे?"

"तूच म्हणालीस उजवीकडे."

"उजवीकडे म्हणजे मागे! वारा डावीकडून येतो, म्हणजे गाडीचं तोंड डावीकडे. सगळ्या पुस्तकांत तसंच असतं!"

"उजवीकडे म्हणजे पुढे," मी म्हणालो. "तीस वर्षं उजवीकडे म्हणजे पुढे!"

"म्हणजे तुमचं ते ड्रॉइंग... पोटाचं... त्यातसुद्धा तोंड उजवीकडे?"

आत्माराम मधे पडला. "मंग काय ताई, नाळ डावीकडं असत्ये काय कुठं?"

नीरजा मटकन रस्त्याच्या कडेला बसली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी काढलेलं पोट तिने जसंच्या तसं काम्प्युटरला दिलं होतं आणि त्याने डावीकडून वारा सोडला होता, म्हणजे गाडीच्या मागून. महिनाभर, गणित राखून राखून, आम्ही एक मागे धावणारी गाडी सुधारत होतो.

हेमाने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "चटणी तरी दोघं डावीकडेच वाढता ना?" तिने विचारलं, आणि कुणी हसलं नाही म्हणून थालीपिठांचा डबा उघडला.

आता जे सांगतो ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. मी नीरजाशेजारी बसलो आणि हळूच म्हणालो, "हे बघ, कागदावर सगळं बरोबर दिसतंय. वारा डावीकडून, टोक उजवीकडे, पुस्तकात असतं तसं. चाचणी झालीच नाही म्हणून सांग. नुसतं पोट बघून गाडीचं तोंड कुठल्या बाजूला ते परीक्षकांना काय कळणार?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. ते रागाने असतं तर बरं झालं असतं.

"मला कळलंय ना बाबा," ती म्हणाली.

तीस वर्षांत मी एका नकाशावर कधी खोटा आकडा टाकला नव्हता. साहेबांनी सांगितलं तरी नव्हता. आणि आज लेकीला तेच शिकवत होतो. मी उठलो आणि धूळ झटकण्याच्या निमित्ताने जरा लांब गेलो.

परत आलो तेव्हा नीरजा उभी होती आणि तिच्या कपाळावर ती आठी होती जी पाचवीत गणित अडलं की पडायची. "बाबा," ती म्हणाली, "गणित चुकलेलं नाहीये. गणित फक्त उलट्या गाडीचं आहे. मग गाडी उलटी सोडून बघू या."

"उलटी म्हणजे?"

"तोंड चढाकडे करा आणि मागे सोडा. एकदा तळासकट, एकदा तळ काढून. दोन्हीत फरक पडला तर गणित खरं."

भिकाजीराव पुढे आले. "मुळ्ये, बत्तीस वर्षांत मी एसटी अशी सोडलेली नाही," ते म्हणाले. सल्ला नव्हता तो. निरोपासारखं काहीतरी होतं.

तर अठ्ठावन्न वर्षांचा, निवृत्त, पेन्शनर भास्कर मुळ्ये, मान मुरगळून मागच्या काचेतून बघत, यमुनाबाई रामरक्षा म्हणत असताना, मिरजोळ्याच्या सड्यावरून उलटा निघाला. आवाज नाही. धूळ नाही. गाडी अगदी शहाण्यासारखी घरंगळत गेली आणि थांबली. थांबली ती एका मोटरसायकलीसमोर. तिच्यावर हवालदार बसला होता.

"गाडी उलटी का?" त्याने विचारलं.

"चाचणी चाललीय."

"इंजिन बंद?"

"बंद."

तो विचारात पडला. इंजिन बंद म्हणजे गाडी उभी धरायची, पण उभी गाडी चालत आलेली त्याने स्वतः पाहिली होती. त्याने वही काढली, परत ठेवली. मग हेमाने त्याला थालीपीठ दिलं आणि तो रस्त्याच्या कडेला बसून पुढची चाचणी बघायला थांबला. आत्मारामने आठ बोल्ट सोडून तळ उतरवला, गाडी पुन्हा वर नेली, आणि मी पुन्हा उलटा घरंगळलो. या खेपेला हवालदाराने एक सायकलवाला थांबवून धरला होता.

"नऊ!" भिकाजीराव ओरडले. "तळ होता तेव्हा नऊ पावलं जास्त!"

नीरजाने टाळी वाजवली नाही. ती वहीत लिहीत होती. पण लिहिता लिहिता हसत होती, आणि मला तेवढं पुरे होतं.

मंगळवारी मी कॉलेजच्या व्हरांड्यात ड्रॉइंगची गुंडाळी काखेत धरून बसलो. नीरजाने सांगितलं होतं, येऊ नका. मी म्हटलं होतं, नाही येत. अर्ध्या तासाने शिपायाने मला आत बोलावलं.

परीक्षक कोल्हापूरकडचे, पांढऱ्या भुवयांचे वयस्कर गृहस्थ. टेबलावर निळा प्रबंध उघडा, आणि त्यात नीरजाने हाताने लिहून डकवलेली चिठ्ठी: आकृती १ ते १४ मध्ये वाऱ्याची दिशा गाडीच्या मागून पुढे अशी वाचावी.

"हे मुळ्ये तुम्ही?" त्यांनी पहिल्या पानावर बोट ठेवलं.

"हो. आणि चूक माझी आहे, तिची नाही," मी एका दमात म्हणालो. "मी होड्या काढणारा माणूस. नाळ उजवीकडे काढतो. तिने मला विश्वासाने काम दिलं. माझं नाव खोडा, तिचे मार्क खोडू नका."

"बसा हो, बसा. ड्रॉइंग दाखवा."

मी उलगडलं. त्यांनी ते खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. "हाताने काढलंय हे?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "नाळ उजवीकडेच का काढतात?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "मला शिकवणाऱ्याने तशी काढली."

"आणि आम्हाला शिकवणाऱ्याने गाडीचं तोंड डावीकडं काढलं. मी बी कधी विचारलं नाही, का म्हणून." ते नीरजाकडे वळले. "नऊ पावलांनी सिद्ध काय होतं?"

"फारसं नाही सर," नीरजा म्हणाली. "वारा पडला तरी नऊ पावलं इकडची तिकडे होतात. पण तोंड पुढे करून चौदा कमी आणि उलटं करून नऊ जास्त, दोन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात."

"चूक सापडली कधी?"

"रविवारी दुपारी."

"म्हणजे चिठ्ठी न डकवता आली असतीस तरी मला कळलं नसतं."

"हो सर," ती म्हणाली.

मी खिडकीबाहेर बघू लागलो. कॉलेजच्या आवारात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघत राहिलो. परीक्षकांनी पेन उघडलं, कागदावर काहीतरी लिहिलं, आणि माझं ड्रॉइंग पुन्हा गुंडाळून दोन्ही हातांनी मला दिलं. "मुळ्येसाहेब," ते म्हणाले, "नाव राहू दे."

नीरजा पहिल्या वर्गात पास झाली. मे महिन्यात तिने गाडी सरळ करून सगळं गणित पुन्हा मांडलं, आत्मारामने दुसरा तळ ओतला, आणि आता गाडी खरोखर पूर्वीपेक्षा गप्प चालते. जुना तळ यमुनाबाईंनी मागून नेला. त्यात त्या कोकमं वाळत घालतात. तो वायरमन त्याच सुमारास आला होता. पेशंट बरा झाला म्हणून कळल्यावर त्याने समाधानाने मान डोलावली. एक मात्र सांगायला हवं. आमच्या आळीत गाडी वळत नाही, ती हमरस्त्यापर्यंत उलटीच काढावी लागते. ती काढताना भिकाजीराव अजून गॅलरीतून ओरडतात, "मुळ्ये, पहिला तळ काढायला नको होतात!"

पुढच्या वर्षी नीरजाला पुण्यात नोकरी लागली, गाड्यांचे नकाशे करणाऱ्या ऑफिसात. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. जेवलीस का, खोली कशी आहे, सगळं हेमाने विचारून झाल्यावर फोन माझ्याकडे आला.

"बाबा, आज पहिलं ड्रॉइंग हातात आलं," ती म्हणाली. "मी काही करायच्या आधी कोपऱ्यात पेन्सिलीने एक बाण काढला आणि शेजारी लिहिलं, नाळ."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"साहेबांनी विचारलं, हे नाळ म्हणजे काय?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, आमच्या घरी गाडीला असते."